रुळांच्या पायांवर उभा धक्का : क्लीव्हडन आणि बर्नबेक

शनिवार

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्लीव्हडनला आता रेल्वे जात नाही. यॅटनहून इथपर्यंत १८४७ साली आणलेला छोटा फाटा १९६६ साली बंद झाला आणि रूळही उचलले गेले. पण गावात रूळ अजून आहेत, समुद्रात आणि उभे. ते बघायला आम्ही निघालो होतो.

आई-बाबा सप्टेंबरमध्ये माझ्याकडे ब्रिस्टलला आले होते. बाबांची सगळी नोकरी परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये गेली. त्यांना राजवाडे आणि चर्च दाखवली की ते शांतपणे बघतात, पण रिव्हेट मारलेलं लोखंड दिसलं की थांबतात. म्हणून या वेळी त्यांच्या आवडीचं ठिकाण निवडलं. ब्रिस्टलहून बसने तासाभरात क्लीव्हडन येतं. रस्ता साधाच आहे, हिरव्या टेकड्या, दगडी कुंपणं, मेंढ्या. गावात उतरून समुद्राकडे उतार धरला की व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या दगडी घरांची रांग लागते आणि तिच्या टोकाला एकदम मोकळं आकाश. तिथेच तो पिअर, म्हणजे समुद्रात लांब गेलेला धक्का दिसतो.

पहिल्या नजरेत भरतो तो त्याचा बारीकपणा. इतक्या लांब धक्क्याला जाडजूड दगडी खांब असतील, अशी आपली अपेक्षा असते. इथे मात्र सडपातळ लोखंडी पाय, त्यांच्या मध्ये हलक्या कमानी आणि वर सरळ रेषेत समुद्रात गेलेला लाकडी रस्ता. लांबी ३१२ मीटर. पायांच्या जोड्यांमध्ये शंभर-शंभर फुटांचे आठ गाळे. शेवटी धक्क्याचा रुंद माथा आणि त्यावर पॅगोड्याच्या धाटणीचं छप्पर असलेली मंडपी.

आईने विचारलं, "एवढा लांब कशाला बांधला? बोट किनाऱ्याला नाही का येत?"

उत्तर समोरच पसरलेलं होतं. सेव्हर्न नदी जिथे समुद्राला मिळते ती ही खाडी. भरती-ओहोटीतल्या फरकासाठी जगात हिचा क्रमांक अगदी वरचा आहे. मोठ्या उधाणाच्या दिवसांत खाडीत पाणी १४ मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, म्हणजे चार मजली इमारत बुडेल आणि पुन्हा उघडी पडेल इतकं, तेही दिवसातून दोनदा. ओहोटीला किनाऱ्यालगत नुसता चिखल उरतो. आगबोट तिथे यायची कशी?

बाबांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांचं लहानपण हर्णैचं. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट हर्णैला बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या, सगळं पडावात उतरवून किनाऱ्यावर आणायचे. लाटेवर पडाव वर आला की नेमक्या त्या क्षणी पाय टाकायचा. म्हाताऱ्या बायकांना खलाशी अक्षरशः झेलून घ्यायचे. "आमच्याकडे बोटीपासून किनाऱ्यापर्यंत माणसं न्यायचे," बाबा म्हणाले, "यांनी किनाराच बोटीपर्यंत नेला." पिअर म्हणजे काय, हे याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

पिअरच्या तोंडाशी छोट्या किल्ल्यासारखं दिसणारं दगडी टोलघर आहे. तिकीट काढून आत गेलो. पायाखाली लाकडी फळ्या, दोन फळ्यांमध्ये फट आणि फटीतून खाली सरकणारं तपकिरी पाणी. इथलं पाणी निळं नसतं. नदीने आणलेला गाळ भरती-ओहोटी सतत ढवळत राहते, त्यामुळे ते कायम चहाच्या रंगाचं. ओहोटी चालू होती. पाणी खांबांना वळसे घालत जोराने बाहेर ओढलं जात होतं आणि प्रत्येक खांबामागे भोवऱ्यांची एक रांग धरली जात होती.

आईचं लक्ष दुसरीकडेच गेलं. दोन्ही कडांना सलग बाकं आहेत आणि बाकांवर, फळ्यांवर पितळेच्या लहान पट्ट्या ठोकलेल्या. दुरुस्तीसाठी पैसे देणाऱ्यांनी त्यावर नावं कोरून घेतली आहेत. आई शाळेत शिकवायची, त्यामुळे लिहिलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय पुढे जात नाही. ती चष्मा चढवून वाकून वाचत निघाली. कुणाचे आजी-आजोबा इथे पहिल्यांदा भेटले. कुणाच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. एका पट्टीवर नुसतं कुत्र्याचं नाव. काही पट्ट्या नव्या, पिवळ्याधमक. काही खाऱ्या वाऱ्याने हिरवट होऊन अक्षरं निम्मी बुजलेली, ती तिने बोटाने चाचपून लावली. आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा आई जेमतेम तिसऱ्या गाळ्यावर होती.

त्या नावांना इथे नुसत्या आठवणीपलीकडे अर्थ आहे, कारण हा धक्का एकदा गेलाच होता.

२९ मार्च १८६९ रोजी तो खुला झाला. जॉन विल्यम ग्रोव्हर आणि रिचर्ड वॉर्ड हे त्याचे अभियंते. हेतू धंद्याचा होता. रेल्वेने क्लीव्हडनला यायचं, इथून आगबोटीने समोरच्या वेल्सला जायचं. पण १८८६ साली सेव्हर्नच्या पात्राखालून रेल्वेचा बोगदा झाला आणि वेल्सला जायला बोटीची गरज उरली नाही. तरीही पिअर टिकला, कारण तोवर लोकांना सहलीची चटक लागली होती. कॅम्पबेल कंपनीच्या चाकाच्या आगबोटी उन्हाळाभर खाडीच्या दोन्ही काठांवर माणसं नेत-आणत राहिल्या. वादळाने मोडलेला लाकडी माथा काढून १८९३ साली ओतीव लोखंडाचा नवा माथा बसवला. त्यावरची मंडपी त्यानंतर लगेचची.

मग १७ ऑक्टोबर १९७०. विम्यासाठी पिअरची भारचाचणी चालू होती. वजन म्हणून फळ्यांवर पाणी भरलेल्या टाक्या ठेवल्या होत्या. टोकाकडचे दोन गाळे कोसळले. माथा समुद्रात एकटा उभा राहिला आणि किनाऱ्याकडचा धक्का अर्ध्यातच संपला. तशा स्थितीत तो वर्षानुवर्षं होता. १९७९ साली तो पाडून टाकायचा प्रस्ताव आला. गावकऱ्यांनी संघटना काढली होती, राजकवी जॉन बेट्जमन त्यांच्या बाजूने उभे राहिले, १९८० साली सार्वजनिक चौकशी झाली आणि पाडण्याचा बेत बारगळला. १९८५ साली धक्का चक्क सुटा केला, पोर्टबरीच्या गोदीत नेऊन दुरुस्त केला आणि परत आणून उभारला. १९८९ साली तो उघडला, माथा जोडून पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं. पडझडीपासून मोजलं तर २८ वर्षं. २००१ साली त्याला इंग्लंडमधला वारसा वास्तूचा सर्वांत वरचा, पहिला दर्जा मिळाला.

अठ्ठावीस वर्षं एखादं गाव एका मोडक्या धक्क्याच्या मागे लागून राहतं, याचं मला फार मोल वाटतं. सुरुवातीला पैसे गोळा करणारे लोक ते काम पूर्ण झालेलं बघू शकले असतील का, हा विचार त्या पट्ट्या वाचताना मनातून जात नाही.

दुपारी डबा खाल्ला. थालीपीठ आणि लोणचं. बाकावर डबा उघडताच समुद्रपक्षी इतके जवळ आले की आईने अर्धं थालीपीठ पदराखाली धरून संपवलं.

एकच्या सुमारास ओहोटी तळाला गेली. आम्ही बाहेर येऊन बाजूच्या किनाऱ्यावर, गोट्यांवर उतरलो आणि पिअरच्या खाली गेलो. माझ्या मते क्लीव्हडनचं खरं दर्शन इथून होतं. वरून तो नाजूक दिसतो. खालून मान वर केली की त्याची उंची अंगावर येते. सकाळी ज्या पाण्याकडे फटींतून बघत होतो ते आता दूर मागे हटलं होतं आणि पायांचा खालचा, शेवाळाने काळा-हिरवा पडलेला भाग उघडा होता.

बाबा काठालगतच्या एका पायापाशी गेले. हात लावला. मग खिशातून रुमाल काढून हात पुसला आणि पुन्हा लावला.

"हे रूळ आहेत गं."

आहेतच. विल्यम बार्लो नावाच्या अभियंत्याने एक वेगळा रूळ काढला होता. पसरट, आतून पोकळ, उलट्या पन्हळीच्या आकाराचा. कल्पना अशी की त्याची रुंद बैठक थेट खडीवर बसेल आणि खाली स्लीपर, म्हणजे रूळ जोडून धरणारे आडवे ओंडके, लागणारच नाहीत. ब्रुनेल या प्रसिद्ध अभियंत्याच्या साउथ वेल्स रेल्वेने मैलोगणती मार्गावर तो घातला. मी एवढं सांगितलं आणि पुढचं बाबांनी पूर्ण केलं. "स्लीपर नाहीत तर गेज, दोन रुळांमधलं अंतर, कसं टिकणार? गाडी गेली की दोन्ही रूळ बाहेरच्या बाजूला सरकणार." नेमकं तेच झालं. रूळ पसरत गेले आणि शेवटी काढावे लागले. लोखंड मात्र उत्तम, ठोकून घडवलेलं, गाडीचं वजन पेलायला केलेलं. ग्रोव्हर आणि वॉर्ड यांनी तेच स्वस्तात मिळालेले रूळ पाठीला पाठ लावून रिव्हेटने जोडले आणि त्यांचे पाय केले.

बाबांनी एका जोडावरच्या रिव्हेटच्या माथ्यांवरून अंगठा फिरवला. दोन माथे गोल, गुळगुळीत. तिसरा किंचित चपटा. "हा घाईत मारलाय," ते म्हणाले. मग त्यांनी रिव्हेट कसा मारतात ते मला सांगितलं, मी लहान असताना कधी सांगितलं नव्हतं इतक्या तपशिलाने. भट्टीत लालभडक झालेला रिव्हेट चिमट्याने उचलून फेकायचा, दुसऱ्याने तो झेलून भोकात घालायचा, एकाने मागून दाबून धरायचा आणि समोरच्याने तो पिवळा-लाल असेपर्यंतच ठोकून माथा बसवायचा. निवताना तो आक्रसतो आणि दोन्ही पत्रे एकमेकांवर आवळून धरतो. उशीर झाला तर माथा बसतो, पण आवळ बसत नाही. हे काम इथे लोकांनी भरती यायच्या आत, खाली चिखल आणि वर वारा अशा जागी उभं राहून केलं होतं. बाबा बराच वेळ वर बघत राहिले. पायांची संख्या, आडव्या पट्ट्या, तिरके ताण, सगळं. एवढं सडपातळ का ठेवलं असेल, याचं उत्तरही त्यांनीच दिलं. पाण्याला आणि वाऱ्याला अडवायचंच नाही, मधून जाऊ द्यायचं. भिंत घातली असती तर या ओढीने ती केव्हाच खाल्ली असती.

तिथून गावातल्या मरीन लेककडे चालत गेलो. समुद्राला बांध घालून १९२९ साली केलेला पोहण्याचा तलाव आहे हा. ओहोटीला समुद्र लांब गेला तरी इथे पाणी अडून राहतं. सप्टेंबरच्या गारठ्यात आजीच्या वयाच्या बायका रंगीत टोप्या घालून निवांत पोहत होत्या. आईने तिथल्या बाकावर छान झोप काढली.

संध्याकाळी पुन्हा पिअरवर आलो, कारण वेव्हर्ली येणार होती. समुद्रावर प्रवासी नेणारी, चाकांनी चालणारी ही जगातली शेवटची आगबोट. १९४६ साली ग्लासगोत पाण्यात उतरली. याच नावाची आधीची बोट दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, डंकर्कला बुडाली होती, तिच्या जागी ही. मोडीत निघायच्या वेळी १९७४ साली जुन्या बोटी जपणाऱ्या संस्थेने ती अवघ्या एका पौंडाला घेतली आणि तेव्हापासून ती लोकांच्या वर्गणीवर आणि तिकिटांवर धावते. उन्हाळ्याच्या मोसमात काही दिवस ती या खाडीत असते, त्या दिवसांचं वेळापत्रक बघूनच मी शनिवार ठरवला होता.

आधी धुराची रेघ दिसली. मग दोन लाल धुराडी, पांढरा पट्टा आणि काळा माथा. भरती वेगाने चढत होती, पाणी सकाळच्या उलट दिशेला ओढत होतं. कप्तानाने बोट प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून हळूहळू कडेने आणली. चाकं उलटी फिरली, तपकिरी फेस उसळला आणि सगळा माथा अगदी बारीक थरथरला. तळव्यांना ते कळलं. बोटीवरून एकाने बारीक दोरी फेकली. धक्क्यावरच्या माणसाने ती पकडून ओढली, तिच्या टोकाला बांधलेला मनगटाएवढा जाड दोर वर आला आणि त्याचा फास खुंटावर पडला. माथ्याला उतरायचे वेगवेगळ्या उंचीचे मजले आहेत, पाणी ज्या पातळीला असेल त्या मजल्याला फळी लावायची. तसं सगळं इतक्या सवयीने झालं की कुणी मोठ्याने ओरडलंसुद्धा नाही. माणसं उतरली, थोडी चढली. एक आजोबा काठी टेकत सावकाश फळीवरून आले, दोन्ही बाजूंनी एकेकाने हात धरला होता. बाबा त्यांच्याकडेच बघत होते.

"पडाव नको," ते म्हणाले. "झेलायला नको. चालत उतरला."

रविवार

आज वेस्टन-सुपर-मेअर. ब्रिस्टलहून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. क्लीव्हडनपेक्षा मोठं, गजबजलेलं गाव. पसरट वाळू, गाढवावरच्या फेऱ्या, आइस्क्रीम, खेळांची दुकानं. मधोमध असलेला ग्रँड पिअर १९०४चा. तो २००८ साली जळाला आणि दोन वर्षांत नवा मंडप घालून उघडला. आम्ही तो बाहेरूनच बघितला. आम्हाला जायचं होतं उत्तरेला, बर्नबेककडे.

समुद्राच्या कडेने चालत, नाइटस्टोन मागे टाकून, अँकर हेडचा चढ चढून प्रिन्स कॉन्सर्ट बागेत पोचलो की खाली बर्नबेक दिसतो. युजीनियस बर्च या नामवंत अभियंत्याने बांधलेला आणि ५ जून १८६७ रोजी उघडलेला, म्हणजे क्लीव्हडनहून दोन वर्षांनी थोरला. हा पिअर किनाऱ्यावरून निघतो आणि एका छोट्या खडकाळ बेटावर जातो. अशा रीतीने बेटाला जोडणारा इंग्लंडमध्ये दुसरा नाही. बेटावर इमारती, घड्याळाचा मनोरा आणि पलीकडे बोटी लागायच्या ती जागा.

एके काळी इथे तोबा गर्दी असायची. समोरच्या वेल्समध्ये १८८१च्या कायद्याने रविवारी दारूचे गुत्ते बंद झाले. त्यामुळे तिकडचे खाणकामगार रविवारी आगबोट पकडून इकडे यायचे. बेटावर पाळणे, घसरगुंड्या, चहाची दुकानं. उतरलेली माणसं तिथेच रमायची आणि संध्याकाळच्या बोटीने परत. पुढे दुसऱ्या महायुद्धात नौदलाने बेट ताब्यात घेतलं आणि नव्या शस्त्रांच्या चाचण्या तिथे झाल्या. बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या जीवरक्षक बोटीही इथूनच शंभराहून जास्त वर्षं सुटत होत्या. आगबोटींचं येणं १९७९ साली थांबलं आणि १९९४ साली पिअर लोकांसाठी बंद झाला.

आज तो दुरून बघावा लागतो. कठड्याचे भाग गेलेले, फळ्या जागोजाग नाहीत, बेटावरच्या इमारतींच्या छपरांतून आकाश दिसतं. आई काही बोलली नाही. बाबांनी माझ्या फोनचा कॅमेरा जवळ आणून एकेक पाय तपासायला घेतला. गंज नुसता वरवर आहे की पापुद्रे सुटताहेत, हे त्यांना बघायचं होतं. पापुद्रे सुटत असतील तर आतलं लोखंड कमी झालेलं असतं, त्यावर रंग मारून उपयोग नाही, तो भागच बदलावा लागतो. इतक्या लांबून ते कळणं शक्य नव्हतं, तरी त्यांनी सगळे पाय बघितले.

२०२३ साली स्थानिक परिषदेने बर्नबेक विकत घेतला आणि दुरुस्तीचा मार्ग मोकळा झाला. त्यासाठी गावातल्या लोकांनी किती वर्षं पाठपुरावा केला, ते क्लीव्हडन बघून आल्यावर जास्त नीट समजतं.

बागेतून खाडी फार सुंदर दिसते. डावीकडे ब्रीन डाउनची लांब टेकडी पाण्यात शिरलेली, समोर स्टीप होम हे उभट बेट आणि पलीकडे फ्लॅट होम, नावाप्रमाणे सपाट. मे १८९७ मध्ये मार्कोनीने फ्लॅट होमवरून वेल्सच्या किनाऱ्यावर बिनतारी संदेश पोचवला. खुल्या समुद्रावरून गेलेला तो पहिला संदेश. त्यानंतर काही दिवसांतच ब्रीन डाउनपर्यंत तो पोचला. त्या वेळी या पाण्यावर दोन्ही पिअरच्या आगबोटी ये-जा करत होत्या.

आई-बाबांचा वाद लागला तो इथे. आईचं म्हणणं, पूल दुरुस्त करा, माणसांना बेटावर चालत जाऊ द्या, पण बोटी आणि गर्दी पुन्हा नको. इतकी वर्षं बेट पक्ष्यांचं झालंय, ते तसं असू दे. बाबांचं म्हणणं, धक्का बोटीसाठी असतो. बोट लागणार नसेल तर तो जपायचा कशासाठी आणि त्याला पैसा कोण देणार? परतीच्या गाडीतही ते दोघं यावरच बोलत होते.

मी बाबांच्या बाजूची आहे. काल संध्याकाळी वेव्हर्ली येणार म्हणून क्लीव्हडनच्या पिअरवर उभं राहायला जागा नव्हती. टोलघरापाशी तिकिटाची रांग होती, मंडपीतला चहा संपला होता आणि पितळेच्या पट्ट्यांसाठी चौकशी करणारी दोन कुटुंबं माझ्यासमोर होती. बर्नबेकचा पूल आधी चालता व्हावा, हे आईचंही खरं. पण त्याच्या पुढे, बेटाच्या पलीकडच्या कडेला, बोट लागायची जागा पुन्हा बांधायचं काम त्याच आराखड्यात असायला हवं. ते नंतरवर टाकलं तर पैसे आधीच संपलेले असतील.